मराठी फाइल उघडली की गिचमिड का दिसते: चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटक्या वेलांट्या आणि समोर असून न सापडणारे शब्द

मराठी मजकूर बिघडलेला दिसला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉन्ट टाका. मग एकामागून एक फॉन्ट टाकले जातात, मजकूर तसाच राहतो आणि शेवटी कोणीतरी चाळीस पानं पुन्हा टंकायला बसतं. खरं तर मराठी मजकूर बिघडायचे सहा-सात प्रकार आहेत आणि त्यातले जेमतेम दोन फॉन्टमुळे होतात. बिघाड नेमका कसा दिसतो ते नीट पाहिलं तर तो कुठे झाला हे बहुतेक वेळा सांगता येतं. म्हणून आधी डोळे, मग माउस.

आणि त्याहीआधी एक गोष्ट: बिघडलेली दिसणारी फाइल सेव्ह करू नका. फाइल उघडताना चूक झाली असेल तर आतला मजकूर अजून शाबूत असतो. सेव्ह करताच ती चूक फाइलमध्ये कायमची उतरते. फाइल बंद करा, बंद करताना विचारलं तर "बदल ठेवू नका" म्हणा, तिची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

पहिली परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. बिघडलेल्या मजकुराच्या चार ओळी कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. तिथे मराठी नीट दिसलं तर मजकूर ठणठणीत आहे, दोष मूळ प्रोग्रामचा किंवा त्याच्या फॉन्टचा. तिथेही गिचमिड दिसली तर दोष मजकुराच्या साठवणीत आहे आणि जुन्या फॉन्टांचा एक प्रकार सोडला तर फॉन्ट बदलून काहीही होणार नाही.

उच्चारखुणा असलेल्या रोमन अक्षरांची रांग

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा 'ए', त्याला चिकटून चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग काहीतरी तिसरंच, आणि पुन्हा तोच रेघवाला 'ए'. दर तिसऱ्या जागी तेच अक्षर दिसत असेल तर निदान पक्कं: फाइल यूटीएफ-८ मध्ये (कुठल्याही लिपीचा मजकूर साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत) आहे, पण उघडणाऱ्या प्रोग्रामने ती जुन्या पश्चिम युरोपीय संचात, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यानुसार, वाचली.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची एककं) घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. प्रत्येक तिकडीचा पहिला बाइट एकच असतो. जुना संच त्याला तो रेघवाला 'ए' समजतो. दुसरा बाइट दोनपैकी एक असतो, म्हणून चलनाचं चिन्ह आणि येन हे दोघेच आलटून पालटून दिसतात.

हे सगळ्यात जास्त होतं ते सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडताना. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर. कोणत्या संचात लिहिलंय हे त्यात कुठे नोंदलेलं नसतं. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची ओळखखूण असेल तर एक्सेल तिला यूटीएफ-८ समजतं, नसेल तर यंत्राचा जुना संच वापरतं. उपाय:

1. एक्सेलमध्ये कोरी वही उघडा. फाइलवर डबल-क्लिक नको.
2. 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडून फाइल दाखवा.
3. झलक दिसते त्या खिडकीत 'फाइल ओरिजिन'च्या यादीतून '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. यादी लांबलचक असते, हा पर्याय बराच खाली सापडतो.
4. झलकेत मराठी नीट दिसलं की मगच 'लोड'.

लिबरऑफिस हे काम जास्त शहाणपणाने करतं. सीएसव्ही उघडताना संच कोणता ते ते आधीच विचारतं.

चूक झालेली असताना कोणी फाइल सेव्ह केली असेल तरीही आशा सोडू नका. उलटी वाट चालायची: नोटपॅड++ या मजकूर-संपादकात फाइल उघडा, 'एन्कोडिंग' मेनूतून 'कन्व्हर्ट टू आन्सी' करा (आन्सी म्हणजे विंडोजचा तोच जुना संच), आणि मग त्याच मेनूतून नुसतं 'यूटीएफ-८' निवडा. इथे 'कन्व्हर्ट' असलेला पर्याय घ्यायचा नाही. पहिल्या पायरीत बाइट मूळ रूपात जातात, दुसरीत ते योग्य चष्म्यातून वाचले जातात.

दुरुस्ती झाल्यावर मजकूर वरवर बरा दिसतो आणि इथेच फसगत होते. जुन्या संचात पाच बाइटना कुठलंच अक्षर नेमलेलं नाही. काही प्रोग्राम ते जसेच्या तसे पुढे नेतात, काही गाळून टाकतात. आणि नेमके तेच पाच बाइट ऱ्हस्व उकार, पाय मोडायचं चिन्ह, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांच्या शेवटी येतात. म्हणजे जोडाक्षरं आणि उकार सगळ्यात आधी धोक्यात. 'ठ'चा तिसरा बाइट तर जुन्या संचात न तुटणारी मोकळी जागा आहे. वाटेत कोणी जास्तीच्या मोकळ्या जागा साफ केल्या असतील तर 'मराठी'तला ठ गायब होतो. 'भ'चा तिसरा बाइट अदृश्य संयोगचिन्ह ठरतो, त्याचंही तेच. तेव्हा दुरुस्त फाइल तपासताना सगळं वाचायची गरज नाही, पण ही आठ चिन्हं जिथे जिथे आहेत ते शब्द जरूर पाहा.

नुसती प्रश्नचिन्हं

अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हं असतील तर वाईट बातमी आहे. इथे वाचताना नव्हे, लिहिताना चूक झाली. ज्या संचात देवनागरीच नाही त्यात मजकूर सेव्ह केला गेला आणि प्रोग्रामने प्रत्येक चिन्ह फेकून त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. त्यातून परत काही निघत नाही. कुठलंही रूपांतर-साधन, कुठलाही फॉन्ट, काहीही चालत नाही. मूळ स्रोत, जुनी प्रत किंवा पाठवलेला ईमेल शोधा.

याचं सर्वात मोठं उगमस्थान पुन्हा एक्सेलच. वहीत मराठी व्यवस्थित दिसत असतं, 'सेव्ह ॲज' मध्ये 'सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)' निवडलं जातं आणि सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते. एक्सेल तसा स्पष्ट इशाराही देत नाही. अलीकडच्या एक्सेलमध्ये त्याच यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडायचा. जुन्या आवृत्तीत तो नसेल तर 'युनिकोड टेक्स्ट' निवडा. तिथे स्वल्पविरामाऐवजी टॅब येतो, पण अक्षरं जगतात.

नोटपॅडचंही असंच. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. त्याआधीचं नोटपॅड 'आन्सी' सुचवायचं आणि मराठी असेल तर इशारा द्यायचं. तो न वाचता 'ओके' दाबलं की खेळ खलास. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आन्सी संचच नाही, त्यामुळे मराठी आणि आन्सी यांची जोडी कधीच जमत नाही.

'सीएसव्ही यूटीएफ-८'चा एक दुष्परिणाम ठाऊक असावा. एक्सेल त्या फाइलच्या सुरुवातीला ती तीन बाइटची ओळखखूण घालतं. काही प्रोग्रामना ती खूण समजत नाही आणि ते तिला पहिल्या स्तंभाच्या नावाचाच भाग मानतात. 'अनुक्रमांक' नावाचा स्तंभ डोळ्यांना दिसतोय, पण प्रोग्राम म्हणतो सापडत नाही: कारण हेच. नोटपॅड++ मध्ये फाइल उघडून 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' करा ('बॉम', म्हणजे हीच ओळखखूण, हा शब्द असलेला पर्याय सोडून), खूण निघून जाते.

वेबसाइटच्या फॉर्ममधून भरलेली मराठी डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं होत असेल तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीत स्तंभ 'व्हारकॅर' ऐवजी 'एनव्हारकॅर' हवा, आणि क्वेरीतल्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतल्या) मजकुराच्या अवतरणाआधी मोठा 'एन' हवा. स्तंभ बदलला पण 'एन' विसरला तरी प्रश्नचिन्हंच. मायएसक्यूएलमध्ये तक्ता 'यूटीएफ८एमबी४' करा आणि डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीलाही तोच संच सांगा. ही दुसरी गोष्ट हमखास राहून जाते.

काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह मात्र वेगळं. त्याचा अर्थ वाचणाऱ्याला बाइट समजले नाहीत एवढाच. मूळ फाइल बरेचदा ठीक असते. संच बदलून पुन्हा उघडा. ते चिन्ह दिसत असताना सेव्ह केलंत तर मात्र ते साध्या प्रश्नचिन्हाइतकंच कायमचं.

साधी इंग्रजी अक्षरं, पण कुठल्याच भाषेतली नाहीत

'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं दिसली तर समोर कृतिदेव आहे. सगळ्या लिपींच्या चिन्हांना एकाच यादीत क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधीच्या काळातले कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख, योगेश हे फॉन्ट एका क्लृप्तीवर चालत. संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्टमध्ये 'ई'च्या जागी 'म'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. ओळखायची खूण: मजकूर निवडून फॉन्ट 'एरियल' करा. इंग्रजी अक्षरं झाली तर जुना फॉन्ट, मराठी तशीच राहिली तर युनिकोड.

फक्त वाचायचं किंवा छापायचं असेल तर तो फॉन्ट टाकणं पुरेसं आहे. फॉन्ट टाकून सुटणारे प्रकार दोनच: हा आणि पुढे येणारे चौकोन. पण तो मजकूर शोधायचा, ईमेलने पाठवायचा, वेबवर टाकायचा किंवा फोनवर वाचायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागतं आणि तिथे घाई महागात पडते.

रूपांतर-साधन निवडताना फॉन्टचं अचूक नाव लागतं. प्रत्येक फॉन्ट-घराण्याची मांडणी निराळी असते. कृतिदेवसाठीचं साधन श्रीलिपीच्या मजकुराला लावलं तर गिचमिडीची दुसरी गिचमिड मिळते. फॉन्टचं नाव वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की दिसतं. यंत्रावर तो फॉन्ट नसला तरी नाव दिसतंच, कारण ते फाइलमध्ये नोंदलेलं असतं. म्हणूनच कोणी नोटपॅडमध्ये चिकटवून पाठवलेला मजकूर त्रासदायक: त्यातून फॉन्टचं नाव गळून गेलेलं असतं.

दुसरी अडचण मिश्र मजकुराची. मराठीच्या मधोमध खरे इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते, वाहनांचे क्रमांक असतील तर साधन त्यांचीही 'मराठी' करून ठेवतं. त्यासाठी सगळी फाइल एका दमात साधनात ओतू नका. वर्डमध्ये जुन्या फॉन्टमधल्या एखाद्या शब्दावर कर्सर ठेवा, 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' मध्ये 'सारख्या स्वरूपाचा सगळा मजकूर निवडा' या अर्थाचा पर्याय आहे, तो घ्या आणि निवडलेल्या मजकुराला एक रंग द्या. जे रंगलं नाही ते खरं इंग्रजी. आता रंगीत तुकडेच रूपांतरासाठी न्यायचे.

तिसरी अडचण सर्वात चोरटी. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार उलटा: जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. चांगलं साधन ही हलवाहलव करतं, पण जोडाक्षरावर वेलांटी किंवा काना-मात्रा असलेल्या अक्षरावर रफार आला की साधी साधनं अडखळतात. रूपांतरानंतर पुढचे शब्द मुद्दाम शोधून पाहा: स्थिती, विद्यार्थ्यांनी, मूर्तींची, कर्मचाऱ्यांना, निर्मितीच्या. हे पाच बरोबर आले तर उरलेल्या मजकुरावर बराच विश्वास ठेवता येतो. शिवाय अवतरणचिन्हं, डॅश आणि तिरकी रेघ, कारण जुन्या फॉन्टमध्ये या चिन्हांच्या जागाही अक्षरांनी बळकावलेल्या असतात.

त्याच कारणाने जुन्या फॉन्टमध्ये अजूनही काम करावं लागत असेल तर वर्डची ऑटोकरेक्ट सेवा बंद ठेवा. वाक्याचं पहिलं अक्षर ते आपोआप मोठं करतं. कृतिदेवमध्ये छोटा 'ई' म्हणजे म आणि मोठा 'ई' म्हणजे अर्धा म्. वाक्याची सुरुवात 'म'ने झाली की तो मोडका होतो आणि टंकणारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग', 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' इथे मोठ्या अक्षराच्या सगळ्या खुणा काढा आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करणारी खूणही काढा.

चौकोन

रिकामे चौकोन म्हणजे मजकूर ठीक, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' यंत्रातच असतो, तो लावा. जुन्या फाइलींमधला 'मंगल' विंडोज १० वर दिसत नसेल तर 'ऑप्शनल फीचर्स' मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाकले की तो कोकिला आणि उत्साहसह येतो. सर्व यंत्रांवर सारखं दिसायला हवं असेल तर 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्ता' घ्या, दोन्ही फुकट आहेत.

दुसऱ्याकडे पाठवायच्या फाइलीत चौकोन येत असतील तर वर्डच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'सेव्ह' खाली फॉन्ट फाइलमध्येच जोडायची खूण आहे, नाहीतर सरळ पीडीएफ पाठवा.

वेलांटी सुटलेली, पाय मोडके, ठिपक्यांचं वर्तुळ

अक्षरं मराठीच आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडलीय, 'क्ष' ऐवजी क् आणि ष वेगवेगळे उभे आहेत. इथे अक्षरजुळणी करणारा भाग नाही किंवा बंद आहे. देवनागरीत साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो. मधलं काम प्रोग्रामला करावं लागतं आणि काही प्रोग्राम ते सांगितल्याशिवाय करत नाहीत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये 'प्रेफरन्सेस', 'टाइप' इथे भारतीय भाषांचे पर्याय दाखवायची खूण करा. फोटोशॉपमध्येही 'टाइप'खाली 'वर्ल्ड-रेडी' मांडणी आहे. जुन्या आवृत्तीत तिचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं असायचं. सेटिंग बदलल्यावर आधीचा मजकूर नवी चौकट घेऊन पुन्हा चिकटवा, जुन्या चौकटीला नवं सेटिंग आपोआप लागत नाही.

बिलं किंवा प्रमाणपत्रं आपोआप तयार करणाऱ्या प्रणालींमध्ये हाच आजार पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीमुळे (प्रणालीत जोडलेल्या तयार प्रोग्राममुळे) होतो. अशा वेळी मजकूर वेबपान म्हणून तयार करून ब्राउझरच्या इंजिनाकडून पीडीएफ करून घेणं सर्वात कमी डोकेदुखीचं, कारण ब्राउझरला अक्षरजुळणी येते.

ठिपक्यांचं वर्तुळ मात्र टंकलेखनाची चूक दाखवतं. मात्रेला टेकायला व्यंजन मिळालं नाही की ते वर्तुळ येतं: मोकळ्या जागेनंतर काना पडला, एकाच अक्षराला दोन वेलांट्या लागल्या, किंवा जुन्या सवयीने वेलांटी आधी दाबली. कर्सर वर्तुळानंतर ठेवून बॅकस्पेस दाबा. बॅकस्पेस एकेक चिन्ह मागून काढतं, डिलीट बहुतेक ठिकाणी अख्खं अक्षर खातं. दुरुस्तीला बॅकस्पेसच बरं.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात ही तक्रारही याच घरातली. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे कळलं तरच मराठी वळण पुढे येतं. वर्डमध्ये मजकूर निवडून 'रिव्ह्यू' टॅबमधून भाषा 'मराठी' करा. वेबपानावर भाषेची खूण 'एम-आर' ठेवा, 'एच-आय' नको.

शब्द समोर आहे, पण शोधात सापडत नाही

हा प्रकार सर्वात जास्त वेळ खातो, कारण दिसायला काहीच बिघडलेलं नसतं. यादीत 'कऱ्हाडे' आहे, शोध म्हणतो नाही. कारण मराठीत काही अक्षरं दोन-तीन तऱ्हांनी साठवता येतात आणि ती पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात.

पहिला मान ऱ्य आणि ऱ्ह यांचा. 'दऱ्या' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक: नुक्त्याचा (खाली ठिपका असलेला) स्वतंत्र 'ऱ' (युनिकोड क्रमांक ०९३१), मग पाय मोडका. दोन: साधा र आणि त्याखाली सुटा नुक्ता. तीन: साधा र, पाय मोडका आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह (क्रमांक २००डी). पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नियमाने एकच मानल्या जातात आणि प्रमाणीकरण केलं, म्हणजे वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या केल्या, की एकत्र येतात. तिसरी येत नाही. वर धोका असा की अदृश्य चिन्हं साफ करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते जोडचिन्ह उडवलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून नेहमी स्वतंत्र ऱ वापरा. भारतीय भाषांच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे दाबून येतो.

कोणती तऱ्हा आहे ते एक्सेलमध्ये 'लेन' सूत्राने कळतं: पहिल्या तऱ्हेच्या 'दऱ्या'ची लांबी ५, उरलेल्या दोन्हींची ६. अदृश्य चिन्हवाली तऱ्हा एकदम बदलायला 'सब्स्टिट्यूट' सूत्र लावा: शोधायचं म्हणून 'यूनिकॅर' २३५२, २३८१ आणि ८२०५ हे तीन एकापुढे एक जोडा, बदलायचं म्हणून 'यूनिकॅर' २३५३ आणि २३८१. हे दशमान क्रमांक आहेत (वरचे ०९३१ आणि २००डी सोळामान होते) आणि सूत्रात इंग्रजी अंकांतच टंकायचे. वर्डमध्ये संशयित चिन्हाच्या लगेच नंतर कर्सर ठेवून अल्ट आणि एक्स दाबलं की त्या चिन्हाचा क्रमांक दिसतो, पुन्हा दाबलं की चिन्ह परत येतं.

दुसरा मान ॲचा. 'ॲप'मधला ॲ स्वतंत्र चिन्ह म्हणून (क्रमांक ०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या फाइलींत अ आणि सुटा चंद्र अशी जोडी सापडते आणि कुठे कुठे 'ऍ'ही. या तिघांना एक मानणारा कुठलाही नियम युनिकोडमध्ये नाही, त्यामुळे शोधा-आणि-बदलाशिवाय इलाज नाही.

तिसरं विसर्ग. 'दुःख' मध्ये खरा विसर्ग आणि 'दु:ख' मध्ये कोलन. नजर टाकून फरक कळला तर कळला. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट आणि हायफनवर आहे. कोलनवाला शब्द शोधात सापडत नाही.

आकड्यांची बेरीज शून्य येत असेल तर स्तंभ डावीकडे चिकटलाय का पाहा. चिकटला असेल तर एक्सेल देवनागरी अंकांना मजकूर समजतंय. आकडे इंग्रजी अंकांत भरा.

नावांची यादी अकारविल्हे लावल्यावर ळ हा ल नंतर लगेच येतो ही तक्रारही रास्त आहे. युनिकोडच्या क्रमांकांत ळ लच्या शेजारी आहे, वर्णमालेत तो ह नंतर येतो. प्रोग्रामला क्रमवारीची भाषा निवडता येत असेल तर मराठी निवडा. येत नसेल तर ळने सुरू होणारी नावं नसल्यामुळे फटका फक्त शब्दांच्या मधल्या अक्षरांना बसतो आणि छोट्या यादीत तो हाताने निस्तरता येतो.

पीडीएफमधून कॉपी केलं की चुरा

पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. चित्रावरून मूळ अक्षर ओळखायचा तक्ता सोबत असेल तरच कॉपी नीट होते. मराठीत हा तक्ता बऱ्याचदा अपुरा असतो, मग 'विकास'ची वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं गळतात. असा चुरा हाताने सांधत बसू नका. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्स'ने उघडा, किंवा 'टेसरॅक्ट' या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला मराठी भाषा देऊन पानांच्या चित्रांवरून मजकूर काढा. चित्रं ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) असावीत. त्याखाली अनुस्वार आणि रफार निसटायला लागतात.

एसएमएस मधेच तुटतो

साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. एक जरी देवनागरी चिन्ह आलं की अख्ख्या संदेशाची मर्यादा ७० होते, आणि लांब संदेशाचे तुकडे पडले तर प्रत्येकात ६७. मोजणी चिन्हांची होते: 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर, मोजणीत ६. फॉर्ममध्ये '५० अक्षरं' म्हणून दिलेल्या चौकटीत निम्मं नावच मावतं त्यामागेही हेच असतं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं. लांबलचक मराठी नावांच्या फाइली सर्व्हरवर चढत नाहीत त्या इथे अडतात.

एक मोह टाळा

विंडोजच्या 'रीजन', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह', 'चेंज सिस्टम लोकॅल' इथे सगळ्या यंत्रालाच यूटीएफ-८ करणारी 'बीटा' खूण आहे. ती लावली की सीएसव्हीचा प्रश्न चुटकीसरशी सुटतो आणि लोक एकमेकांना ती सुचवतात. पण जुने हिशेबाचे प्रोग्राम आणि जुन्या फॉन्टवर चालणारी टंकलेखनाची साधनं तिच्यामुळे बिघडू शकतात. शिवाय फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की प्रश्न तिथे तसाच. घरच्या एकट्याच्या यंत्रावर करून पाहायला हरकत नाही, कार्यालयातल्या सामायिक यंत्रावर नको.

चाचणीची ओळ

नवा प्रोग्राम, नवी प्रणाली, नवा फॉन्ट किंवा रूपांतर-साधन हाती आलं की खरा मजकूर देण्याआधी ही ओळ त्यातून पार करा:

कर्मचाऱ्यांची दुःखं ऐकून झऱ्याकाठच्या ॲड. ठाकुरांनी भर उन्हाळ्यात मूर्तींची स्थिती, ऊँ नि क्षत्रियांची श्रद्धा यांवर १२३४५६७८९० शब्द लिहिले.

अर्थाकडे फार पाहू नका. वर सांगितलेलं जवळजवळ प्रत्येक नाठाळ चिन्ह तिच्यात बसवलंय. ओळ टंका, सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा, छापून पाहा, पीडीएफ करून त्यातून कॉपी करा, दुसऱ्या यंत्रावर पाठवा आणि तिथे 'कर्मचाऱ्यांची' हा शब्द शोधा. ठ किंवा भ गेला तर संचाचा घोळ, रफार हलला तर रूपांतर-साधन कच्चं, वेलांटी उजवीकडे पडली तर अक्षरजुळणी बंद, चौकोन आले तर फॉन्ट, आणि सगळं नीट दिसूनही शोध रिकामा आला तर ऱ कुठल्या तऱ्हेचा आहे ते लांबी मोजून पाहा.